वास्तूचा आजीवन हिशेब

घर बांधणे म्हणजे खर्चाचा हिशेब, ही समजूत फार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. पाया खणण्यापूर्वी अभियंता अंदाजपत्रक तयार करतो. त्यात सिमेंट, लोखंडी सळ्या, विटा, गिट्टी, वाळू आणि मजुरी यांचे रकाने असतात. प्रत्येक रकान्यात परिमाण, दर आणि रक्कम मांडलेली असते, आणि अखेरीस एक बेरीज येते. मालकाच्या दृष्टीने त्या बेरजेत वास्तूची सारी किंमत सामावलेली असते. पण त्याच वास्तूची आणखी एक किंमत आहे. ती मालक देत नाही, ठेकेदार देत नाही. ती वातावरणात साठत जाते आणि सर्वांच्या, विशेषतः पुढच्या पिढ्यांच्या, वाट्याला येते. खाणीतून दगड निघाल्यापासून इमारत पाडून तिचा राडारोडा उचलला जाईपर्यंत जेवढा कार्बन डायऑक्साइड आणि तत्सम उष्णताधारक वायू तिच्या निमित्ताने बाहेर पडतात, त्यांची एकत्र मोजणी करणे यास आजीवन कार्बन-मूल्यमापन म्हणतात. अनेक देशांनी ही मोजणी कायद्याने सक्तीची केली आहे. भारतातील बांधकाम-व्यवसायाने तिच्यासाठी सज्ज होणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न समजून घेण्यास रायपूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

याचे कारण रायपूरच्या भूगोलात आहे. छत्तीसगडच्या मैदानाखाली चुनखडीचे विस्तीर्ण थर पसरलेले आहेत. त्यांच्या आधारावर बलोदा बाजार आणि रायपूर या भागांत सिमेंटचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. पश्चिमेस तीस किलोमीटरांच्या आतबाहेर भिलाई आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. रायपूरच्या वेशीवर सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि सळ्या, कोन, पट्ट्या लाटणाऱ्या रोलिंग मिली आहेत. उत्तरेस कोरब्याचा कोळसा आणि त्यावर चालणारी वीजकेंद्रे आहेत. शहराच्या आग्नेयेस नव्या राजधानीचे, म्हणजे नवा रायपूरचे, बांधकाम गेली अनेक वर्षे चालू आहे. राज्याचे मंत्रालय २०१२ मध्ये तेथे गेले, आणि विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. तात्पर्य, चुनखडी, कोळसा, पोलाद, सिमेंट, वीज आणि तयार इमारत ही साखळीची सारी कडी येथे एकाच प्रदेशात दिसतात. नागपूर, हैदराबाद किंवा इंदूर येथील एखाद्या मराठी कुटुंबाच्या घराचा स्लॅब ज्या सळीवर उभा आहे, ती सळीही कदाचित याच परिसरातून गेलेली असेल.

सिमेंटपासून आरंभ करावा. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापवली की तिचे दोन भाग होतात: शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कितीही कार्यक्षम केली, कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन वापरले, तरी हे चव्वेचाळीस किलो टळत नाहीत. ते दगडातच बांधलेले असतात. हा चुना सिलिका, ॲल्युमिना व लोह यांच्यासह सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जे क्लिंकर बनते, त्याच्या एका टनामागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू केवळ दगडातून निघतो. इंधनाचा वायू त्याखेरीज असतो. क्लिंकर जितके कमी, तितके सिमेंट हलक्या कार्बनचे, हा साधा नियम यातून निघतो. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रांची राख, जिला विदर्भात राखड म्हणतात, पस्तीस टक्क्यांपर्यंत मिसळता येते. झोतभट्टीतील धातुमळी, म्हणजे स्लॅग, तर निम्म्याहून अधिक प्रमाणात मिसळता येते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाच्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले. कोरब्याची राख आणि भिलाईची धातुमळी हाताशी असलेल्या रायपूरला या बाबतीत निसर्गाने आणि इतिहासाने दोन्ही हातांनी दिलेले आहे.

पोलादाची गोष्ट निराळी आहे. खनिजातील लोह ऑक्सिजनशी जखडलेले असते. तो ऑक्सिजन काढून घेण्याचे काम कार्बन करतो आणि त्या कामातच कार्बन डायऑक्साइड होतो. झोतभट्टीत हे काम कोक करतो, तर स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत कोळसा. भारतात एक टन पोलादामागे सरासरीने सुमारे अडीच टन वायू बाहेर पडतो. जगाची सरासरी त्याहून बरीच कमी आहे. उलट, भंगार वितळवून पोलाद बनवले तर खनिजाशी झुंजण्याचे काम उरतच नाही, आणि वीज स्वच्छ असेल तर हा आकडा कितीतरी खाली येतो. सिलतऱ्याच्या एखाद्या मिलीत विजेच्या भट्टीत स्पंज आयर्न किती पडते आणि भंगार किती, यावर त्या सळीचा कार्बन ठरतो. पण बाजारात उभी असलेली सळी पाहून हा भेद डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही सळ्यांचा व्यास तोच, ताकद तीच, आणि भावही बहुधा तोच.

आजीवन मूल्यमापन हा अदृश्य भेद कागदावर आणते. त्यासाठी वास्तूचे आयुष्य काही टप्प्यांत विभागले जाते. युरोपात २०११ मध्ये ठरलेल्या मानकाने ही विभागणी रूढ केली आणि आता ती जगभर वापरली जाते. पहिला टप्पा मालाच्या उत्पादनाचा: खाण, कच्च्या मालाची वाहतूक आणि कारखाना. दुसरा, माल कामाच्या जागी आणण्याचा आणि प्रत्यक्ष बांधकामाचा. त्यात ट्रकचे व यंत्रांचे डिझेल येते आणि वाया गेलेला मालही येतो. तिसरा टप्पा वापराचा: दुरुस्त्या, रंगरंगोटी, बदललेल्या खिडक्या, आणि राहत्या माणसांनी वापरलेली वीज व पाणी. चौथा टप्पा पाडकामाचा आणि राडारोड्याच्या विल्हेवाटीचा. जुन्या सळ्या किंवा विटा पुन्हा कामी आल्याने होणारा लाभ वेगळा दाखवतात. तो मूळ बेरजेत मिसळत नाहीत, म्हणजे भविष्यातील आशेवर आजचा खर्च झाकला जात नाही. हिशेबासाठी इमारतीचे आयुष्यही ठरवून घ्यावे लागते. युरोपीय संघाच्या पद्धतीत ते पन्नास वर्षे धरतात, ब्रिटनमधील सर्वेक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीत साठ.

एका ढोबळ उदाहरणाने प्रमाणे ध्यानात येतील. हजार चौरस फुटांच्या साध्या काँक्रीटच्या घरास, व्यवहारात प्रचलित असलेल्या अंदाजाप्रमाणे, सिमेंटच्या चारशे गोण्या, म्हणजे वीस टन सिमेंट, आणि सुमारे चार टन सळ्या लागतात. मिश्र सिमेंटच्या टनामागे ०.६ टन वायू धरला तर सिमेंटचे बारा टन होतात. पोलादाच्या टनामागे अडीच टन धरले तर सळ्यांचे दहा टन. विटा, फरशी आणि काच यांना हात न लावताच बेरीज बावीस टनांवर जाते. आता त्याच घरात महिन्याला दोनशे युनिट वीज लागते असे समजावे. कोळशावर बव्हंशी अवलंबून असलेल्या भारतीय विजेच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. म्हणजे वर्षाला सुमारे १.७ टन. याचा अर्थ असा की गृहप्रवेशाच्या दिवशी त्या घराने सुमारे तेरा वर्षांच्या विजेइतका कार्बन आधीच खर्चून टाकलेला असतो. उद्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या, पंखे बदलले, तर विजेचा आकडा उतरत जाईल. पहिले बावीस टन मात्र काही केल्या परत येत नाहीत. कठीण झालेले काँक्रीट हवेतील थोडा कार्बन सावकाश शोषून घेते हे खरे. पण तो दिलेल्या कर्जाचा अल्प अंश असतो, आणि तो खोलवर शिरला की सळ्यांना गंज चढण्याची भीती असते.

याच उदाहरणातून दुसरा बोधही मिळतो. गावाच्या आसपास मिळणाऱ्या मालानेच घर बांधावे, हा महात्मा गांधींचा आग्रह वास्तुशिल्पी लॉरी बेकर आवर्जून सांगत असत, आणि स्वतःच्या कामात त्यांनी तो पाळला. माती, दगड आणि लाकूड यांच्या काळात तो सल्ला पूर्णतः योग्य होता. परंतु वीस टन सिमेंट शंभर किलोमीटरांवरून ट्रकने आणले तर त्या वाहतुकीचा वायू, टन-किलोमीटरला शंभर ग्रॅम धरल्यास, दोनशे किलोंच्या आसपास भरतो. भट्टीतील बारा टनांपुढे हे काहीच नव्हे. कारखाना दारात आहे, म्हणून माल हलक्या कार्बनचा, असा समज रायपूरने करून घेता कामा नये. माल कोठून आला यापेक्षा तो कसा तयार झाला, हा प्रश्न मोठा आहे. त्याच वीस टनांत मिश्र सिमेंटऐवजी शुद्ध क्लिंकरचे सिमेंट घेतले, तर सुमारे पाच टनांची वाढ होते. आणि हा निर्णय दुकानाच्या पायरीवर एका वाक्यात होऊन जातो.

नियमांची वाट कोणत्या दिशेने जात आहे हे आता लपलेले नाही. फ्रान्स आणि स्वीडन यांनी २०२२ मध्ये नव्या इमारतींसाठी असे नियम लागू केले. डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून हजार चौरस मीटरांहून मोठ्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला बारा किलोंची मर्यादा घातली, आणि २०२५ मध्ये ती आणखी कडक केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार २०२८ पासून मोठ्या आणि २०३० पासून सर्व नव्या इमारतींचा आजीवन कार्बन जाहीर करावयाचा आहे. भारतात प्रत्येक इमारतीस असे मूल्यमापन सक्तीचे करणारा नियम अद्याप झालेला नाही. तथापि २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन इमारतींच्या संहितेत ऊर्जेबरोबर शाश्वततेचा विचार आला. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांहून कमी वायू, आणि त्याहून जसजसे खाली जावे तसतसे तीन, चार व पाच तारे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंटसह काही उद्योगांना वायूच्या प्रमाणाची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. मालाचा हिशेब कारखान्यात सुरू झाला की तो इमारतीपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागत नाही.

मग सज्ज होणे म्हणजे काय? बांधकाम-व्यवसायात नवे शास्त्र शिकावे लागेल, या कल्पनेने अनेकजण बिचकतात. वस्तुतः या हिशेबाचा सांगाडा व्यवसायाजवळ पूर्वीपासून आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची, कामाचे अंदाजपत्रक आणि जागेवरचे मोजमाप पुस्तक ही तीन साधने प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याच्या हाताखालची आहेत. परिमाणास दराने गुणले की रुपये मिळतात. त्याच परिमाणास कार्बनच्या गुणकाने गुणले की कार्बन मिळतो. रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, एवढेच प्रथम करावयाचे आहे. भारतातील बांधकाम-साहित्याचे असे गुणक एकत्र करणारी एक सूची आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आरंभ करण्यास ती पुरेशी आहे. नकाशे कच्चे असतानाच हा रकाना भरला, तर खांबांतील अंतर थोडे कमी करून तुळया बारीक करता येतील का, तळघर खरोखर हवे का, भिंतीसाठी राखेच्या विटा चालतील का, असे प्रश्न योग्य वेळी विचारले जातात. काम पूर्ण झाल्यावर भरलेला रकाना मात्र केवळ नोंद ठरतो.

अडचण गुणकांच्या खरेपणात आहे, आणि रायपूरचे हिताहित तेथेच गुंतलेले आहे. ज्या कारखान्याने आपल्या मालाची मोजणी करून, त्रयस्थाकडून तपासून घेतलेले घोषणापत्र प्रसिद्ध केले आहे, त्याच्या मालास त्याचा स्वतःचा आकडा लागतो. ज्याने ते केले नाही, त्याच्या माथी सरासरीचा, आणि पुष्कळदा मुद्दाम चढा धरलेला, आकडा मारला जातो. भिलाईसारख्या मोठ्या कारखान्यास असे घोषणापत्र तयार करणे अवघड नाही. सिलतरा–उरल्यातील लहान मिलीस मात्र त्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवणेही परवडत नाही. ती भंगाराचे प्रमाण वाढवून चांगले पोलाद करीत असेल, तरी कागद नसल्यामुळे तिची सळी कोळशाच्या भट्टीतील सळीच्याच रांगेत बसेल. नियम उद्या आले आणि तयारी झालेली नसली, तर काम जाईल ते प्रथम या लहान भट्ट्यांवरील मजुरांचे. यास्तव लहान मिलींनी एकत्र येऊन सामायिक मोजणी करणे, आणि वीज, कोळसा व भंगार यांच्या रोजच्या नोंदी आजपासून नीट ठेवणे, ही चैन नसून व्यवसाय टिकवण्याची गरज आहे. १९५६ मध्ये खनिकर्म व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान म्हणून ओळखली जाणारी शिक्षणसंस्था याच शहरात आहे. धातू आणि इमारत या दोन्ही विद्यांचे तज्ज्ञ जेथे एका आवारात शिकवतात, तेथे अशा मोजणीस जाणकारांची वाण पडू नये.

बांधकामाच्या जागेवरही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तुकड्यांत कापून फेकलेल्या सळ्या, उघड्यावर भिजून दगड झालेल्या गोण्या, मोजमाप न करता ‘असू द्या’ म्हणून वाढवलेले सिमेंट, हे सारे या हिशेबात दुसऱ्या टप्प्यावर उभे राहते. अनुभवी गवंड्यास हे सांगावे लागत नाही. त्याला फक्त त्याच्या काटकसरीची किंमत कोणीतरी मोजलेली हवी असते. राखेचे वा स्लॅगचे सिमेंट आरंभी सावकाश ताकद धरते, त्यास पाणी अधिक दिवस मारावे लागते. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते. सेंटरिंग लवकर काढण्याची घाई करून, पुढे भेगा पडल्या की सिमेंटला दोष देण्याची प्रथा मोडल्यावाचून हलक्या कार्बनचे सिमेंट रुजणार नाही.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, ज्या देशात कोट्यवधी लोकांना पक्के घर नाही, तेथे प्रत्येक घरावर कार्बनचा पहारा बसवणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नियमाच्या क्रमात आहे. डेन्मार्कनेही मर्यादा घालण्यास आरंभ केला तो मोठ्या इमारतींपासून. कार्यालये, व्यापारी संकुले, शासकीय वास्तू यांच्यापासून सुरुवात करून, गरिबाच्या दोन खोल्यांना प्रदीर्घ काळ मोकळे ठेवता येते. दुसरा आक्षेप असा की, बांधकामात कार्बन वाचवण्याच्या नादात भिंती पातळ होतील, छपरे उघडी पडतील, आणि मग घर थंड ठेवण्यास अधिक वीज जळेल. आजीवन हिशेबाचे वैशिष्ट्य हेच की तो दोन्ही बाजू एकाच पानावर मांडतो. छत्तीसगडातील जाड मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेले जुने घर उन्हाळ्यात का सुसह्य असते, याचे उत्तर त्या पानावर आकड्यांत दिसते. त्याच पानावर हेही दिसते की दर पावसाळ्यानंतर त्याच्या डागडुजीस किती श्रम आणि किती साहित्य लागते. जुन्याची भलावण आणि नव्याचा मोह, दोहोंनाही तेथे पुराव्यावाचून जागा नाही.

तिसरी एक बाब सहसा बोलली जात नाही. साठ वर्षे टिकेल म्हणून हिशेबात धरलेली इमारत तिसाव्या वर्षी पाडली, तर वर्षाचा कार्बन दुप्पट होतो. आणि तिच्या जागी नवी उभारताना पुन्हा पहिल्यापासून खर्च होतो. शहरांच्या जुन्या वस्त्यांत मजबूत इमारती केवळ जागेचा भाव वाढला म्हणून पाडल्या जातात. ही गोष्ट रुपयांच्या रकान्यात नफा म्हणून दिसते, कार्बनच्या रकान्यात तोटा म्हणून. केंद्र शासनाने २०२५ मध्ये पाडकामाच्या राडारोड्यासाठी नवे नियम केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. राडारोडा पुन्हा वापरणे चांगलेच. पण उभी इमारत दुरुस्त करून वापरणे त्याहून अधिक चांगले.

छत्तीसगडच्या वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारे मराठीभाषक संपादक माधवराव सप्रे यांनी १९०१ मध्ये हिंदीत एक छोटी कथा लिहिली. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तीत त्या झोपडीच्या मातीची एक टोपलीही उचलत नाही, आणि उरलेल्या साऱ्या मातीचे ओझे तो जन्मभर कसे वाहणार, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. कथेचा विषय अन्यायाचा आहे, बांधकामाचा नव्हे. तरीही उचलून पाहिल्यावाचून ओझे कळत नाही, ही तिच्यातील गोष्ट येथेही लागू पडते. वास्तूचे अदृश्य ओझे आजवर कोणी उचलून पाहिले नव्हते, म्हणून ते नाहीच असे सर्वांनी धरून चालले. आता तराजू तयार झाला आहे. त्यात पहिले वजन स्वखुशीने टाकणारा कारखानदार, अभियंता आणि ठेकेदार उद्याच्या नियमाने गोंधळणार नाही. आणि नियम येण्यास विलंब लागला, तरी वाचलेले सिमेंट आणि पोलाद यांचा लाभ त्याच्या पदरात आजच पडलेला असेल.